खुर्चीवरून उठलेला गवई

पुणे, रविवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या मामांच्या ट्रंकेत निघालेल्या तबकड्यांचं वाचून रात्रभर झोप आली नाही बघ. तू विचारतोस, १९४१ च्या तबकडीवर बँडप्रमुख टॉमी डॉर्सीचं नाव ठळक आणि गवई फ्रँक सिनात्राचं खाली बारीक, मग चार-पाच वर्षांत सिनात्राच सगळं कसं व्यापून बसला?

बिग बँडमध्ये पंधरा-सोळा वादक आणि गवई मात्र बाजूच्या खुर्चीवर. तबकडीच्या तीन मिनिटांत त्याच्या वाट्याला एखाद-दुसरं कडवं यायचं. लोक यायचे नाचायला. मग १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने, अध्यक्ष जेम्स पेट्रिलोच्या हुकमाने, रेकॉर्डिंगच थांबवलं. रेडिओवर आणि ज्यूकबॉक्सवर (नाणं टाकलं की गाणं लावणारं यंत्र) तबकड्या वाजायच्या आणि वादकाला काम मिळेना, ही त्यांची तक्रार मला अगदी रास्त वाटते. पण गायक त्या संघटनेत नव्हते! शिवाय तबकड्या लाखेच्या, लाख जायची आपल्याकडून, आणि युद्धामुळे तीही आटली. डेका या तबकड्यांच्या कंपनीने १९४३ च्या सप्टेंबरात संघटनेशी तडजोड केली. कोलंबिया आणि आरसीए व्हिक्टर या दुसऱ्या दोन कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत अडून राहिल्या.

डॉर्सीला सोडून बाहेर पडलेल्या सिनात्राने १९४३ मध्ये कोलंबियासाठी वादकांशिवाय गाणी केली, ती मिळव कुठूनही. मागे फक्त बॉबी टकरचा गायकवृंद. सॅक्सोफोनच्या जागी माणसांचे गळे गुणगुणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घरातलं सामान हलवल्यासारखं रितं वाटलं मला. चौथ्यांदा ऐकताना अंगावर काटा आला, कारण त्या रितेपणात तो एकटा उभा आहे आणि डगमगत नाही.

बँडवर पुढे संकटं आलीच. १९४४ मध्ये नाचघरांवर तीस टक्के कर बसला, नंतर तो वीस टक्क्यांवर आला. प्रवास महागला, सैन्यातून परतलेली पोरं संसाराला लागली. बँडप्रमुख ग्लेन मिलर तर १५ डिसेंबर १९४४ ला विमानासकट नाहीसा झाला. १९४६ च्या डिसेंबरात बेनी गुडमन, हॅरी जेम्स, वुडी हर्मन, लेस ब्राऊन आणि खुद्द डॉर्सी, सगळ्यांनी एकापाठोपाठ आपापले बँड मोडले. काहींनी पुन्हा उभे केले, पण ते दिवस परतले नाहीत. काउंट बेसीसारख्या बँडप्रमुखाला १९५० मध्ये लहानशा संचावर भागवावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं. दुसरा बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन टिकला तो स्वतःच्या गाण्यांच्या रॉयल्टीच्या आधारावर.

एक सांगायचं राहिलं. डॉर्सी ट्रॉम्बोनवर श्वास न तुटू देता लांबलचक ओळ वाजवायचा. सिनात्रा त्याच्या मागे बसून ते बघायचा, आणि आपण दमसास तिथेच शिकलो असं त्याने पुढे कितीदा सांगितलं. म्हणून त्या १९४३ च्या गाण्यांत मला ट्रॉम्बोन ऐकू येतो.

मामांची १९४१ ची तबकडी दिवाळीत घेऊन ये. सुई नवी घालून ठेवतो.

तुझा,
अविनाश