विषय : इटालियन भाषेच्या वैयक्तिक शिकवणीतील शिक्षिका न विचारता बदलल्याबद्दल तक्रार व रु. २६,४०० परत मिळण्याबाबत

दिनांक : २० नोव्हेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन भाषा-शिकवणी विभाग

महोदय/महोदया,

मी इचलकरंजीचा यंत्रमागधारक. शेडमध्ये आठ रॅपियर माग आहेत, सगळे सेकंडहँड, सोमेट कंपनीचे, इटलीतून आलेले. आजवरची सगळी खरेदी दलालामार्फत झाली. दलाल सांगेल ती किंमत आणि दलाल सांगेल तीच मशीनची तब्येत. जून २०२३ मध्ये मिलानला ‘इटमा’ या कापड-यंत्रांच्या प्रदर्शनाला गेलो होतो. मोठ्या कंपन्यांच्या स्टॉलवर इंग्रजीत निभावलं. पण बेर्गामोच्या वर सेरिओ नदीच्या खोऱ्यात, जिथे हे माग बनले आणि जिथे जुने माग विकणारे बसतात, तिथे माझं इंग्रजी गोदामाच्या दारातच संपलं. तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी बोलणी स्वतः करायची. येत्या जानेवारीत सहा माग बघायला जायचं आहे. तुमच्याकडे आलो ते एवढ्यासाठी, हौस म्हणून नाही.

२९ जुलैला तुम्ही अर्ध्या तासाचा डेमो तास दिलात. ज्या बाईंनी तो घेतला त्यांचं नाव इथे लिहीत नाही, तुमच्या नोंदीत आहे. त्यांनी आधी विचारलं, तुम्ही काम काय करता? मी मोबाइलचा कॅमेरा शेडकडे फिरवला. फणीवर बोट ठेवलं तशा त्या म्हणाल्या, ‘पेत्तिने’. म्हणजे केस विंचरायची फणी. आमच्याकडेही मागातल्या त्या भागाला फणीच म्हणतात, हे मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्या मनापासून हसल्या. मग ताणा, म्हणजे उभे धागे, ‘ऑर्दितो’; बाणा, म्हणजे आडवे धागे, ‘त्रामा’, आणि ‘त्रामा’चाच दुसरा अर्थ गोष्टीचं कथानक. अर्ध्या तासात मला माझ्याच धंद्याचे सहा शब्द आले. ३१ जुलैला मी चाळीस तासांचं पॅकेज घेतलं : तासाला १,२०० प्रमाणे करासह ४८,००० रुपये, एकरकमी. पॅकेजच्या पानावर ‘तुमचा स्वतःचा शिक्षक, पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत’ असं मोठ्या अक्षरात छापलं होतं. स्क्रीनशॉट जोडला आहे.

५ ऑगस्टपासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला तास. पंधरा ऑगस्ट आणि गणपतीतला एक शुक्रवार सोडला तर एकही खाडा नाही. त्या पंधरा तासांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, उलट ते कसे झाले हे तुम्हाला कळावं म्हणून थोडं लिहितो. नाहीतर तुम्ही काय काढून घेतलंत ते तुमच्या लक्षात यायचं नाही.

बाईंनी माझ्या चुकांची एक वही ठेवली होती. प्रत्येक तासाची सुरुवात मागच्या तीन चुकांनी व्हायची. ‘कासा’ म्हणजे घर आणि ‘कास्सा’ म्हणजे लाकडी पेटी, हे मी आठ तास गोंधळत होतो. माग पेटीत भरून पाठवा म्हणायचं तर मी घरात भरून पाठवा म्हणायचो. त्यांनी तो शब्द कधी सोडला नाही. एकदा त्यांनी विचारलं, भूतकाळात ‘गेलो’ला एक सहायक क्रियापद आणि ‘बघितलं’ला दुसरं, यात सगळे विद्यार्थी चुकतात, तुम्ही कसे चुकत नाही? मी म्हटलं, आमच्याकडेही ‘मी गेलो’ मध्ये क्रियापद माझ्यामागे चालतं, पण बघितलं की ते वस्तूच्या मागे जातं : माग बघितला, मशीन बघितली. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडे वस्तूऐवजी सर्वनाम आलं की असंच होतं, माग असेल तर ‘लो व्हिस्तो’ आणि मशीन असेल तर ‘लो व्हिस्ता’. पन्नाशी उलटल्यावर व्याकरणात मजा येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. तिथल्या डोंगरातले म्हातारे आपसात बेर्गामोची बोली बोलतील, ती मी शिकवतेय त्याहून बरीच वेगळी आहे, तेव्हा घाबरू नका, ‘सावकाश बोला’ एवढं म्हणा, हेही त्यांनीच बजावून ठेवलं होतं.

आणि त्यांनी मला एक वाक्प्रचार दिला, ‘व्हिस्तो ए पियाचुतो’. बघितलं आणि आवडलं. जुन्या मशीनच्या व्यवहारात हे शब्द कागदावर आले की माल आहे त्या स्थितीत घेतला, मागाहून कुरकुर नाही, असा त्याचा अर्थ. हे शब्द दिसले तर सही करायच्या आधी प्रत्येक माग चालवून बघा, असं त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत एकाही दलालानं मला हे सांगितलं नव्हतं.

३० सप्टेंबरला पंधरावा तास झाला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, आमच्याकडे मागांची पूजा. त्यावर दहा वाक्यं लिहून आणा, असा गृहपाठ मिळाला. ३ ऑक्टोबरला दुपारी तुमचा मेसेज आला : ‘प्रिय लर्नर, कामकाजाच्या कारणास्तव आपले शिक्षक बदलण्यात आले आहेत.’ कारण नाही, विचारणा नाही. फोन केला तर बाई सध्या उपलब्ध नाहीत असं उत्तर मिळालं. पण त्या तुमच्याच ॲपवर आहेत. तोच फोटो, तीच माहिती, मंगळवार-शुक्रवारच्या वेळा मोकळ्या. फक्त आता ‘प्रीमियम’ गटात आणि दर तासाला १,९०० रुपये. त्याचाही स्क्रीनशॉट जोडला आहे.

दुसरे शिक्षक माणूस म्हणून मनमिळाऊ. पण त्यांनी ‘बुर्रो’ म्हणजे गाढव असं शिकवलं. इटालियनमध्ये बुर्रो म्हणजे लोणी. गाढव ते स्पॅनिशमध्ये. अनेकवचनाला शेवटी ‘स’ लावायचे, तेही स्पॅनिश. इटालियनमध्ये शेवटचा स्वर बदलतो, आपल्या घोडा-घोडेसारखा, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं होतं, म्हणून मी अडवलं. तिसऱ्या तासाला त्यांनीच प्रांजळपणे सांगितलं की मी मूळचा स्पॅनिशचा शिक्षक, कंपनीनं सांगितलं म्हणून इटालियन घेतो. तुमच्या पानावर मात्र त्यांच्या नावापुढे ‘इटालियन तज्ज्ञ’ असं झळकत होतं.

यातली एक चूक मला महागात पडली. ‘सालिरे’ म्हणजे निघणे, बाहेर पडणे, असं त्यांनी शिकवलं होतं. १५ ऑक्टोबरला मी तिकडच्या विक्रेत्याला व्हिडिओ कॉलवर मोठ्या ऐटीत विचारलं की मशीन कधी ‘साले’. तो गृहस्थ गोंधळला. मग त्यानं विचारलं, कोणत्या मजल्यावर? कारण इटालियनमध्ये सालिरे म्हणजे वर चढणे. माझा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, शेजारीच उभा होता, त्याला भाषा कळत नव्हती, पण माझं तोंड बघून तोही हसला. हसण्यावारी गेलं हे खरं, पण त्यानंतर तो विक्रेता परत इंग्रजी येणाऱ्या आपल्या पुतण्याला फोनवर घेऊ लागला. दोन महिन्यांत मिळवलेली पत चार तासांत गेली.

मी तक्रार केल्यावर दिवाळीनंतर तिसरे शिक्षक दिलेत. हे खरोखरचे इटालियन, शिकवणंही चांगलं. पण माझे एकोणीस तास झालेत याची एक ओळही त्यांच्याकडे नव्हती. ‘माझं नाव, माझं गाव’ इथपासून पुन्हा सुरुवात. तुमच्या जाहिरातीतलं ‘प्रगती-पुस्तक’ कुठे असतं, हे त्यांनीच मला विचारलं.

त्यातही २८ ऑक्टोबरचा प्रकार वेगळाच. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. २६ तारखेला ती गेली. तोपर्यंत त्यांचे दुपारचे चार म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात होते, ते आता साडेआठ झाले. तुमच्या ॲपनं त्यांना चारच दाखवले आणि मला साडेसातच. मी साडेसात ते सात पंचावन्न रिकाम्या स्क्रीनसमोर बसलो आणि मग शेडमध्ये गेलो, कारण रात्रपाळीची माणसं येतात तेव्हा मालक लागतो. ते साडेआठला आले आणि वाट बघून गेले. तुम्ही मला ‘गैरहजर’ लावून तास कापलात. हा घड्याळाचा बदल दर वर्षी होतो. तो मला कळतो आणि भाषा शिकवायचा धंदा करणाऱ्या कंपनीला कळत नाही?

५ नोव्हेंबरला मी ईमेलनं रीतसर तक्रार केली. ११ तारखेला उत्तर आलं : पैसे परत मिळणार नाहीत, उरलेल्या सतरा तासांचं क्रेडिट मिळेल, मुदत तीन महिने, शिक्षक ‘उपलब्धतेनुसार’. वर असंही लिहिलंत की पॅकेज घेताना अटी मान्य केल्या होत्या.

आता व्यापारी म्हणून बोलतो. आहे त्या स्थितीत माल घेणं मला मान्य आहे, अख्खा सेकंडहँड बाजार त्यावरच चालतो. पण त्यात बघितलेलाच माग ट्रकमध्ये चढवावा लागतो. एक माग चालवून दाखवायचा, पैसे घ्यायचे आणि दुसराच भरून पाठवायचा, असं माझ्या गल्लीत कुणी केलं तर त्याला कुणी सूत उधार देणार नाही. डेमोत तुम्ही मला ज्या बाई दाखवल्यात त्या मी बघितल्या, मला आवडल्या, त्यांचे पैसे मी भरले. त्यांना नोकरी सोडायची असती किंवा आजारपण असतं तर माझा एक शब्दही नव्हता. तुम्ही त्यांना फक्त महाग फळीवर नेऊन ठेवलंत.

माझी मागणी अशी. न झालेले सतरा तास, २८ ऑक्टोबरचा कापलेला एक आणि स्पॅनिशमिश्रित चार, असे बावीस तास, प्रत्येकी १,२०० प्रमाणे २६,४०० रुपये परत करावेत. तिसऱ्या शिक्षकांच्या तीन तासांचे मागत नाही, त्यांनी प्रामाणिकपणे शिकवलं. किंवा पहिल्या बाईंकडेच, मूळ दरात, हे बावीस तास द्यावेत. मला स्वतःला हे जास्त आवडेल. क्रेडिट नको.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. पोच म्हणून यंत्राचा एक ईमेल आला, तो धरून चालतो. महिना ५ डिसेंबरला पुरा होतो. तोपर्यंत निर्णय न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्यानं ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही. तुमचं कार्यालय कुठल्या शहरात आहे याची मला अडचण नाही.

पावती, पॅकेजच्या पानाचे आणि दोन्ही दरांचे स्क्रीनशॉट, २८ तारखेच्या वेळेचा स्क्रीनशॉट आणि झालेला ईमेल-व्यवहार सोबत आहे. बँक खात्याचा तपशील नोंदणीतलाच आहे.

आपला,
एक ग्राहक, इचलकरंजी
(ग्राहक क्रमांक ईमेलमध्ये)

ता. क. : खंडेनवमीची दहा वाक्यं मी लिहून ठेवली आहेत. त्यात ‘कास्सा’ दोनदा आला आहे आणि दोन्ही वेळा बरोबर आहे. पैसे परत करायचेच ठरवलंत, तर निदान तेवढी वही बाईंपर्यंत पोचवायची सोय करा.