तक्त्यात न दिसणाऱ्या खुणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतील बालविकासाचा तक्ता वाचला. कोणत्या महिन्यात बाळाने काय करावे हे त्यात नेमके दिले आहे. मात्र ती गोष्ट बाळ कसे करते, याला त्यात जागा नाही. लहान मुलांच्या श्रवण व वाचादोषांवर उपचार करणारी म्हणून ही उणीव मला मोठी वाटते.

नुसत्या महिन्यांवर बोट ठेवले की काही पालक विनाकारण धास्तावतात आणि काही विनाकारण निर्धास्त राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निरोगी मुले आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ साधारण आठ ते साडेसतरा महिने इतका पसरलेला आढळला, आणि काही मुले न रांगताच चालू लागली. तेव्हा शेजारचे मूल अकराव्या महिन्यात चालले म्हणून आपले मागे पडले असे होत नाही. दीड वर्ष उलटूनही पाऊल टाकले नाही, तर मात्र तपासणी हवी. याउलट आठ महिन्यांचे एखादे बाळ वेळेवर बसते, खुळखुळाही पटकन उचलते, पण प्रत्येक वेळी डाव्याच हाताने. खुळखुळा उजवीकडे ठेवला तरी डावा हात अंगावरून पलीकडे नेते आणि उजवी मूठ मिटलेलीच राहते. घरात कौतुक होते की स्वारी डावखुरी होणार! वर्षाच्या आत हाताची अशी पक्की निवड सहसा होत नसते, त्यामुळे दुसऱ्या हातात कमजोरी आहे का हे पाहायला हवे. तक्त्याच्या हिशेबाने हे बाळ उत्तीर्ण असते.

ऐकण्याच्या बाबतीत फसगत अधिक होते. पाठीमागे टाळी वाजवली की बाळ वळते, एवढ्यावर घरचे समाधान मानतात. परंतु ते सावलीने किंवा हवेच्या झोताने वळलेले असू शकते, आणि मोठा आवाज ऐकू येणाऱ्या बाळालाही बोलण्यातले बारीक ध्वनी ऐकू येत नसण्याची शक्यता असते. ऐकू न येणारी बाळेही सुरुवातीचे महिने हुंकार देतात, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. पुढे ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड वाढायच्या ऐवजी ती रेंगाळते किंवा थांबते, तेव्हा कुठे शंका येते. म्हणूनच जन्मानंतर महिन्याच्या आत श्रवण चाचणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचारांना सुरुवात, असा दंडक तज्ज्ञ सांगतात. जन्मवेळची चाचणी चांगली आली तरी नंतर श्रवणदोष उद्भवू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

बोलण्याआधी बोट बोलते. वर्ष-सव्वा वर्षाचे मूल उडणारा पक्षी बोटाने दाखवते आणि आपण पाहिला की नाही हे आपल्या तोंडाकडे वळून तपासते. हवी ती वस्तू मिळवण्यासाठी केवळ मोठ्यांचा हात धरून ओढणारे, पण काहीच ‘दाखवायला’ न येणारे मूल लवकर तपासून घ्यावे. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत, तरीही थांबू नये. ‘याचे वडीलही उशिराच बोलले’ हा दिलासा तर उलट डॉक्टरांना आवर्जून सांगण्याचा मुद्दा आहे, कारण वाचादोष काही घराण्यांत पुन्हा पुन्हा आढळतो. घरात दोन भाषा बोलल्या जातात म्हणून वाचादोष होत नाही, त्यामुळे तेही वाट पाहण्याचे कारण नव्हे.

मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचे वय, ते जितके आठवडे लवकर आले तितके वजा करून, साधारण दोन वर्षांचे होईपर्यंत मोजावे. दवाखान्यात मूल एक तर झोपलेले असते नाही तर रडत असते, तेव्हा घरी मोबाइलवर घेतलेली छोटी चित्रफीत फार कामी येते. शिवाय आजाराला नाव मिळेपर्यंत उपचार खोळंबून ठेवावे लागत नाहीत. व्यायाम, श्रवणयंत्र, बोलण्याचा सराव यांपैकी जे लागेल ते निदान पूर्ण होण्याआधीही सुरू करता येते.

पुढील वेळी तक्ता छापताना त्याखाली एक ओळ ठळक अक्षरांत द्यावी, ही विनंती: आधी येत असलेला शब्द, हसणे, नजर देणे किंवा हालचाल मुलाने गमावली, तर वय काहीही असो, त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

आपली,
एक वाचक