तुझा फोन उघडला त्याबद्दल

सोनू,

परवा तू क्लासला गेलास आणि फोन घरी राहिला, तेव्हा मी तो उघडला. पिन मला माहीत होता, तू टाकताना कधीतरी दिसलेला. तू रात्रीपासून बोलत नाहीयेस आणि तुझा राग बरोबर आहे, पण समोरासमोर बोलायला गेले की माझा आवाज चढतो म्हणून लिहून देतेय.

आपल्या मागच्या गल्लीतला एक मुलगा, तुझ्याच वयाचा, त्याला इन्स्टावर एका मुलीची रिक्वेस्ट आली, चार दिवस गप्पा झाल्या, मग व्हिडिओ कॉल, आणि त्या कॉलचं रेकॉर्डिंग दाखवून पैसे मागायला लागले. ती मुलगी वगैरे कोणी नव्हतीच. त्याने आधी साठवलेले पैसे दिले, मग आईच्या यूपीआयवरून गुपचूप पाठवले, दिले की थांबतील असं वाटलं त्याला, पण ते उलट जास्तच मागायला लागले. बारा दिवस तो पोरगा सगळ्यांसोबत ताटावर बसत होता आणि घरात कुणाला पत्ता नाही. त्याची आई माझ्यासमोर रडली तेव्हापासून मला नीट झोप नाही रे.

म्हणून मी तुझे चॅट वाचले. तसलं काहीच नव्हतं. पण तुझ्या मित्राने त्याच्या घरातलं जे फक्त तुला सांगितलं होतं ते मी वाचलं, आणि ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं. चुकलं माझं. हे मी कुणालाच सांगणार नाही, बाबांनाही नाही.

प्रायव्हसी माझा हक्क आहे म्हणालास. आहेच, 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलंय. पण 2023 चा डेटा संरक्षण कायदा 18 च्या आतल्यांना मूलच धरतो आणि कंपन्यांना म्हणतो, आधी आईबापाची परवानगी घ्या. मग मी अगदीच डोळे मिटून कशी बसू?

इन्स्टाच्या टीन अकाउंटमध्ये पालकांना जोडता येतं, आपण दोघं बसून करू. त्यात गेल्या सात दिवसांत तू कुणाशी बोललास ते मला दिसेल, काय बोललास ते दिसणार नाही. मला तेवढं पुरे. आणि रात्री साडेदहाला फोन हॉलमध्ये चार्जिंगला, माझा आणि बाबांचापण. आपल्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावला 2022 मध्ये सुरू केलं ना, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही मोबाईल बंद, त्यात मोठ्या माणसांनीपण बंद ठेवायचे हे मला फार पटलं. मी स्वतः अकरा वाजता रील्स बघत तुला फोन ठेव म्हणते ते तुला कसं पटणार.

आणि कधी कुणी असं धमकावलंच तर पैसे देऊ नकोस, चॅट डिलीट करू नकोस, रात्रीचे दोन वाजले असले तरी मला उठव. आपण लगेच 1930 ला, म्हणजे सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला, फोन लावू. तुमच्या वयाच्या मुलांचे तसले फोटो पसरू नयेत म्हणून टेक इट डाउन नावाची फुकट सोय आहे, त्यात फोटो कुणाकडे पाठवावाही लागत नाही, फोनमध्येच त्याचा कोड तयार होतो आणि तेवढाच जातो. आधी काय केलंस, का केलंस हे मी त्या वेळी विचारणार नाही. शब्द देते.

पिन आजच बदल. मला सांगू नकोस.

आई