मांगराचे वय उलगडून दाखवणाऱ्या सुतार मेस्तांस

आदरणीय मेस्त,
सप्रेम नमस्कार.

फोंड्याच्या आमच्या कुळागरातला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतला, लाकडी मांगर (बागेतले साधे घर) 1865 सालचा, असे सगळेच सांगत. कारण काय, तर कौलाच्या पाठीवर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा ठसा आणि सोबत ते साल. तुम्ही कौल उलटून पाहिलेत आणि म्हणालात, हे साल कारखान्याचे. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना 1865 मध्ये घातला; नंतर भाजलेल्या कौलांवरही तोच आकडा उमटत राहिला. किती जुन्या घरांची वये अशी नुसत्या कौलावरून ठरवली गेली असतील!

मग रिपा (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या) उचकटून तुम्ही वाशांची वरची बाजू दाखवलीत. तिथे दोरीने घासून पडलेल्या आडव्या खाचा होत्या. म्हणजे आधी हे छप्पर गवताचे, काथ्याने आवळलेले. कौले मागाहून चढली. मंगळुरी कौलांना रीप साधारण 32 सेंटिमीटरवर लागते, खाचांचे अंतर त्याच्याशी कुठेच जुळत नाही. सांगाड्यात तर एकही खिळा नाही, सगळे काम कुसू (दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणारे घडवलेले टोक) आणि लाकडी खुंट्यांचे. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांवर पटाशीने मारलेल्या सारख्याच रेघा आहेत. उतरवण्याआधी त्या खडूने ठळक केल्यात, म्हणून प्रत्येक लाकूड जिथल्या तिथे परत बसले.

सांगाडा कौलांच्या आधीचा, एवढे आता पुराव्यानिशी लिहिता येते. 1958 च्या केंद्रीय प्राचीन स्मारक कायद्यात किमान शंभर वर्षांची अट आहे. तिथे ऐकीव साल चालत नाही.

खांब बदला म्हणणारे पुष्कळ होते. बुंध्याभोवती कुणीतरी ओतलेले सिमेंट पाणी धरून ठेवत होते, कूज तिथूनच चढली होती. तुम्ही कुजका तळ तेवढा कापलात, माट्टीच्या (ऐनाच्या) जुन्या लाकडाचा तुकडा खांबाच्या जाडीच्या तिप्पट लांबीच्या तिरक्या सांध्याने जोडलात आणि खाली चिरा बसवलात. वाळवीसाठी काजूच्या टरफलाच्या तेलाचे दोन हात, पहिला पूर्ण सुकल्यावरच दुसरा. ते तेल कातडी भाजते, म्हणून हाताला आधी खोबरेल चोळायला लावलेत, हेही पोरांना बरे शिकवलेत.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोन रिपा खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवल्या आहेत. खाचा बघायला कुणी आले की त्या सोडवून दाखवता येतील.

मनापासून आभार.

आपली,
कुळागरातली मंडळी