मामा, यात ठिपके कुठेत?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीतल्या दहावीच्या सराव प्रश्नपत्रिकेत भूगोलाचा नकाशा होता, सूचीत आडव्या रेघा, तिरक्या रेघा आणि ठिपके असे तीन प्रकार, पण छापून आले ते तिन्ही चौकोन सारखेच राखाडी. भाचीने विचारलं, "मामा, यात ठिपके कुठेत?" भिंग लावलं तेव्हा दिसले. आता परीक्षेला काय भिंग घेऊन बसायचं का?

मी गिरगावात वीसेक वर्षं डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायचं काम करतोय, त्यामुळे घोळ कुठे झाला असणार ते लगेच कळलं. छपाईवाल्यांना उगाच बोल लावू नका. जुन्या पद्धतीचा पॅटर्न (चौकोनात भरायच्या रेघा-ठिपके) म्हणजे आठ बाय आठ डॉटची एक फरशी, तीच शेजारी शेजारी लावत जायची. पण ही फरशी मोजलेली असते डॉटमध्ये, मिलिमीटरमध्ये नाही, आणि प्रत्येक मशीनचा डॉट वेगळा! 300 डीपीआयच्या (इंचात 300 डॉट) लेझर प्रिंटरवर ती साधारण 0.68 मिमीची, 600 वर 0.34, आणि 2400 च्या फिल्मवर (जिच्यावरून छपाईची प्लेट बनते) जेमतेम 0.08, म्हणजे फरशीची पार खसखस होते आणि डोळ्याला नुसता राखाडी रंग दिसतो.

मीही यात एकदा हात पोळून घेतलेत. एका क्लासच्या पेपरातला स्तंभालेख, प्रूफ आमच्या जुन्या लेझरवर झकास आलं, सरांनी सही केली, मग फिल्म काढली, प्लेट बनली आणि छापताना बघतो तर सगळे स्तंभ एकाच रंगाचे. दुसऱ्या प्लेटचा खर्च अर्थात माझ्याच खिशातून.

खरं तर यावर उपाय जुनाच आहे. पोस्टस्क्रिप्ट (पान कसं छापायचं ते मशीनला सांगणारी भाषा) लेव्हल 2 मध्ये, म्हणजे 1991 पासून, पॅटर्न पानाच्या मापात, पॉइंटमध्ये देता येतो (72 पॉइंटचा एक इंच), पीडीएफमध्येही तसंच, मग मशीन कुठलंही असो रेघांमधलं अंतर तेवढंच राहतं. फक्त फरशीचं माप जरा बघून घ्यावं लागतं. बरोब्बर 1 मिमी घेतलीत तर 300 वर 11.81 डॉट होतात, पाऊण डॉट कोण छापणार, मग कुठे रेघा दाटतात कुठे विरळ होतात. त्यापेक्षा इंचाचा पंचविसावा भाग घ्या, 300 वर 12 डॉट, 600 वर 24, 2400 वर 96, कटकटच नाही. आणि रेघेची जाडी "हेअरलाइन", म्हणजे सगळ्यात बारीक, ठेवू नका हो, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ती एका डॉटचीच निघते, फिल्मवर 0.01 मिमी. पाव पॉइंट तरी द्या, न्यूजप्रिंटला अर्धा.

तुमच्या आर्टिस्ट मंडळींना एवढं सांगाल का, पुढच्या रविवारी इतिहास-भूगोलाचा दुसरा पेपर येतोय म्हणून घाई. तोवर भाचीच्या नकाशात मी पेनानेच ठिपके काढून दिलेत.

आपला,
एक डीटीपीवाला, गिरगाव, मुंबई