खिळ्यांचा पट्टा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माणसाच्या आणि बिबट्याच्या जिवाला सारखेच मोल द्या, हे सांगणारा कालचा लेख वाचला. भाषा ओघवती आहे. लेखकमहाशयांना कळवावे, की ही समानता आमच्या शिरूर तालुक्यात केव्हाच आली. पूर्वी खिळ्यांचा पट्टा धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असायचा, बिबट्याने नरडे धरू नये म्हणून. मागच्या वर्षी पिंपरखेडकडची माणसे तसलेच पट्टे स्वतःच्या गळ्यात घालून शेतात जाऊ लागली. माझी आई माळकरी. तुळशीच्या माळेवर तिने तो पट्टा घातला.

पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन लेकरे. तेव्हा कुठे नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या बिबट्याला गोळी घातली. लेखात त्या गोळीवर अख्खा परिच्छेद आहे, लेकरांना अर्धी ओळ.

आम्हाला मुक्या जनावरांची कणव नाही, हे वाचून मात्र डोके फिरले. तीन वर्षांपूर्वी तोडीच्या वेळी माझ्या उसात बिबट्याची दोन पिल्ले निघाली. मांजराएवढी. टोळीने कोयते खाली ठेवले. ट्रॉली अर्धी भरलेली, कारखान्याची तोड पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नाही, तरी फड तसाच सोडला. वनखात्याच्या पोरांनी पिल्ले क्रेटमध्ये जिथल्या तिथे ठेवली. आम्ही गोठ्यातला दिवासुद्धा लावला नाही. रात्री मादी आली, एकेक करून दोन्ही उचलून घेऊन गेली. कॅमेऱ्यातले ते चित्र आईने चारचारदा बघितले. पंधरा दिवसांनी गोठ्यातली कालवड गेली. तीच मादी की दुसरी, देव जाणे. पंचनाम्याला आलेले साहेब म्हणाले, "कालवडीच्या कानात बिल्ला होता का?" कान शोधून आणायला हवा होता!

आणि आम्ही म्हणे बिबट्याच्या घरात घुसलो. अहो, इथे ज्वारी-बाजरीचे माळ होते. कुकडीच्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला, मागोमाग तो आला. आमचा बिबट्या उसातच जन्मतो आणि उसातच म्हातारा होतो. कालच्या फोटोत मागे नुसते खडक आहेत, तो आमच्याकडचा नसावा. पण त्याला चार कॉलम मिळाले. पंपाची थ्री-फेज वीज दिवसा द्या, एवढ्याच मागणीची माझी दोन पत्रे आपल्या टेबलावर कुठेतरी असतील. उसात पाणी धरायला माणूस अंधारात वाकला, की बिबट्याला तो चार पायांचाच दिसतो. हल्ल्यात माणूस गेला तर सरकार २५ लाख देते, तेव्हा मोलाचा प्रश्न तिकडे सुटलेलाच आहे. दिवसा वीज तेवढी सुटत नाही.

या आठवड्यात आमच्या फीडरला रात्री बारानंतर वीज आहे. आईचा पट्टा खुंटीला आहे, आज पाळी माझी.

एक ऊस उत्पादक,
ता. शिरूर, जि. पुणे