कॉर्फच्या चाव्या

बोर्नमथ,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय रंजू,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. गडाच्या दरवाजाला कुणीतरी ऑइलपेंट फासलाय आणि ढासळलेल्या बुरजाला सिमेंटचा गिलावा केलाय, यावर तू जे बोललीस ते पोरांसमोर लावण्यासारखं नव्हतं, म्हणून इयरफोन घालून ऐकलं. शेवटी दम लागल्यावर विचारलंस, "तिकडचे लोक काय करतात गं पडक्या भिंतींचं?" फोनवर सांगायला बसले तर तू मधेच तुझ्या मोहिमेच्या गोष्टी सुरू करशील. म्हणून पत्रच लिहिते. पत्राला मधे तोडता येत नाही.

पहिल्यांदा कॉर्फ, इथल्या डॉर्सेट परगण्यातला पडका किल्ला. आमच्याकडून साखळ्यांवर ओढली जाणारी एक मोठी फेरीबोट आहे, गाडीसकट तिच्यात चढायचं, पलीकडे उतरलं की थोड्या वेळात पर्बेकच्या टेकड्या लागतात. ती रांग जिथे तुटते त्या खिंडीत मधोमध एक टेकाड आणि त्यावर किल्ला. चढ म्हणशील तर टेकाड जेमतेम 55 मीटर. हरिहरच्या पायऱ्या चढलेल्या बाईनं त्याला चढ म्हणू नये. पण जागा अशी हेरलीय की खिंडीतून कुत्रं गेलं तरी वरून दिसावं. बालेकिल्ल्याचा उंच चौकोनी मनोरा बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा, पहिल्या हेन्रीच्या काळातला. त्याच्या दोनच बाजू उभ्या आहेत आणि त्यांतून आभाळ दिसतं.

मला मात्र वरच्या मनोऱ्यापेक्षा वाटेतला दुसरा दरवाजा जास्त आवडतो. तू आलीस की तिथे तुला अर्धा तास उभी करणार आहे. कमान मधोमध चिरलीय. एका बाजूचा बुरूज जागच्या जागी, आणि दुसऱ्या बाजूचा अख्खाच्या अख्खा खाली घसरून थांबलाय. कोसळला नाही, सांधे सुटले नाहीत, नुसता खाली बसला. एका अंगाचा दगडाचा थर बोटानं धरून पलीकडे न्यायला गेलीस तर तो सापडत नाही, तिकडे तो पार खाली गेलेला असतो. सुरुंगाची दारू किती आणि कुठे भरली होती हे त्या एका चिरेवरून कळतं.

कारण हा किल्ला काळानं पाडलेला नाही, ठराव करून पाडलाय. पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी सुरू होती. किल्ला सर जॉन बँक्स या मोठ्या न्यायाधीशाचा, आणि तो राजाच्या बाजूनं. तो राजाकडे ऑक्सफर्डला, घरी बायको. 1643 मध्ये पार्लमेंटच्या फौजेनं वेढा घातला, तेव्हा लेडी मेरी बँक्सनं मुली, दासी आणि मूठभर शिपाई घेऊन किल्ला लढवला. शिड्या लावून चढणाऱ्यांवर या बायकांनी वरून दगड आणि निखारे ओतले असं सांगतात. सहा आठवड्यांनी वेढा उठला. पुढच्याच वर्षी सर जॉन वारला, पण बाई हटली नाही. दुसरा वेढा पडला आणि 1646 च्या फेब्रुवारीत घात झाला तो आतूनच. पिटमन नावाच्या अधिकाऱ्यानं कुमक आणतो म्हणून सांगून शत्रूचीच माणसं आत घेतली. आपल्याकडे असा एखादा पिटमन सापडत नाही असा किल्ला विरळा. लगेच मार्चमध्ये पार्लमेंटनं ठराव केला, किल्ला पुन्हा कुणाच्या कामी येता नये. मग भिंतींखाली खणून, दारू ठासून, बत्ती दिली.

तिथे उभी असताना मला आठवलं काय ते तू ओळखलंच असशील. 1818. रायगडावर पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, वाडे जळाले, आणि नाशिककडच्या किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. अलंगच्या त्या तुटक्या टप्प्यावर दोराला लोंबकळत तू कंपनी सरकारला दिलेल्या शिव्या अजून माझ्या कानात आहेत. तर बाई, ही विद्या त्यांनी आधी घरच्या किल्ल्यांवर गिरवली होती. किल्ला जिंकून भागत नाही, तो निकामी केला पाहिजे, हा धडा त्यांच्याकडे पावणेदोनशे वर्षं आधीपासून तयार होता. यानं मला बरं वाटलं की वाईट, ते ठरवता आलं नाही.

खाली गावात गेलं की गंमत कळते. घरं सगळी त्याच करड्या दगडाची, आणि बरेच दगड थेट किल्ल्यावरून आलेले. पाडल्यावर ढिगारा होताच, लोकांनी नेला. तू गडाचा घडीव दगड गोठ्याला लावला म्हणून गावकऱ्यांशी भांडतेस. इथे तसली घरं आता सरकारी वारसा यादीत आहेत आणि त्यांची खिडकी बदलायची तर परवानगी काढावी लागते. चोरीला साडेतीनशे वर्षं झाली की तीही जपायची वस्तू होते.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पडक्या भिंतीचं ते काय करतात? पडकी ठेवतात. पडायची थांबवतात, पण पुन्हा बांधत नाहीत. हे शहाणपण त्यांना जन्मजात नव्हतं. एकोणिसाव्या शतकात इथे चर्चांच्या जीर्णोद्धाराची साथ आली होती, जुने गिलावे खरवडायचे आणि 'मूळ' म्हणून नवंकोरं काहीतरी बसवायचं. त्याला वैतागून विल्यम मॉरिस या कवी-कलाकारानं 1877 मध्ये जुन्या इमारती वाचवण्यासाठी संस्थाच काढली. तिला लोक खरवड-विरोधी म्हणायचे. सतत डागडुजी करा, म्हणजे जीर्णोद्धाराची वेळ येणार नाही, हे तिचं म्हणणं. सांधे भरायचे तर चुन्यानं, कारण चुना दगडापेक्षा मऊ आणि पाणी बाहेर जाऊ देणारा. सिमेंटनं ओल आत कोंडते आणि मग दगडच पापुद्रे सोडतो, हे तुला मी सांगायला नको, तू ते सरपंचांना सांगतेसच.

पण एक गोष्ट वाचून तू दचकशील. काही पडक्या भिंतींच्या माथ्यावर हे लोक मुद्दाम गवत लावतात! मातीचा थर आणि त्यावर हरळीसारखी गवताची सलग चादर. ग्लॉस्टरशरमधल्या हेल्स ॲबी या उद्ध्वस्त मठात याचे प्रयोग झालेत. गवत पाऊस पिऊन घेतं, थंडीत भिंतीच्या माथ्याला ऊब देतं आणि आतलं पाणी गोठून दगड फुटायचं कमी होतं. तुम्ही शनिवारी जे उपटता ते पिंपळ आणि झुडपं वेगळी, त्यांची मुळं भिंत फोडतात. आपल्या चार महिन्यांच्या धो-धो पावसात गवताचा हा उपाय चालेलच असं नाही, पण नुसतं हिरवं दिसलं की कोयता काढायचा, यावर तुमच्या गटानं एकदा विचार करावा. चिडू नकोस.

किल्ला गेल्यावर बँक्स मंडळींनी तो पुन्हा बांधला नाही. विंबोर्नजवळ किंग्स्टन लेसी नावाचा वाडा उभारला, 1660 च्या दशकात, आणि पुढं चार्ल्स बॅरीनं त्याचं रूप पालटलं. लंडनच्या पार्लमेंटची आताची इमारत ज्याची, तोच हा बॅरी. म्हणजे यांचा किल्ला पार्लमेंटनं पाडला आणि वाडा पार्लमेंट बांधणाऱ्यानं सजवला.

खरं सांगायचं तर या मोठ्या वाड्यांचा मला लवकर कंटाळा येतो. दोरीच्या अलीकडून चालायचं, पडदे अर्धे ओढलेले, कारण उजेडानं रंग उडतात, आणि कुणाच्या तरी पणजोबांच्या ताटल्या बघायच्या. प्रत्येक खोलीत एक निवृत्त आजी किंवा आजोबा, फुकट सेवा देणारे, आणि विचारलंस तर कौतुकानं सगळं सांगणारे. खुर्च्यांवर 'बसू नये' अशी पाटी नसते. त्याऐवजी बैठकीवर एक वाळलेलं काटेरी बोंड ठेवतात. कुणाची बिशाद आहे बसायची! ही युक्ती मी आमच्या हॉलमधल्या सोफ्यासाठी राखून ठेवलीय.

पण किंग्स्टन लेसीला दोन गोष्टींसाठी जायलाच हवं. एक म्हणजे ग्रंथालयात टांगलेल्या कॉर्फच्या चाव्या. बाईच्या हिमतीचा मान म्हणून शत्रूनं त्या तिच्याकडेच राहू दिल्या म्हणे. मोठ्या, काळ्या, जड दिसणाऱ्या चाव्या, आणि त्या लागतील असं एकही कुलूप जगात नाही. संगमरवरी जिन्याच्या वाटेवर तिचा ब्राँझचा पुतळा बसवलाय, त्यातही हातात चावी.

दुसरी गोष्ट बागेत. गुलाबी ग्रॅनाइटचा इजिप्शियन स्तंभ, नाईलमधल्या फिले बेटावरून आणलेला. आणणारा विल्यम बँक्स, त्याच घराण्यातला. त्यावर चित्रलिपी आणि चौथऱ्यावर ग्रीक लेख, त्यामुळे चित्रलिपी उलगडताना क्लिओपात्राचं नाव ओळखायला त्याची मदत झाली. 2014 मध्ये धूमकेतूवर जे यान उतरलं त्याला फिले हे नाव यावरूनच. पण ग्रीक लेखात काय आहे ते ऐक. फिलेच्या पुजाऱ्यांनी राजाकडे केलेला अर्ज आहे तो: येणारे-जाणारे सरकारी अधिकारी आणि त्यांचा लवाजमा आमच्या खर्चानं राहतो-जेवतो, मंदिर भिकेला लागायची वेळ आलीय, यांना आवरा. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा अर्ज, आणि राजानं तो मान्य केला म्हणून पुजाऱ्यांनी दगडावर कोरून ठेवला. साहेबांच्या दौऱ्याचं जेवण कुणी करायचं यावर तुझ्या तालुक्यात अजून दगड कोरायचाय.

आणि या स्तंभाची कोनशिला 1827 मध्ये कुणी बसवली? वेलिंग्टनच्या ड्यूकनं. म्हणजे आपला आर्थर वेलस्ली, 1803 मध्ये अहमदनगरचा किल्ला घेऊन पुढं असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला. डॉर्सेटच्या गवतात इजिप्तचा दगड बघायला जावं आणि तिथे जालना जिल्हा भेटावा!

या विल्यमची गोष्ट शेवटाकडे फार वाईट आहे. समलिंगी संबंधांवरून खटला उभा राहिला, तेव्हाच्या कायद्यात त्याला फाशी होती. 1841 मध्ये तो देश सोडून गेला आणि 1855 मध्ये व्हेनिसला वारला. त्या सगळ्या वर्षांत तो इटलीतून या घरासाठी कोरीव दारं, संगमरवर, सजावटीचं सामान पाठवत राहिला, कुठे काय लावायचं त्याच्या सूचनांसकट. स्वतःच्याच घरात पाऊल ठेवायची चोरी. शेवटचा वारस 1981 मध्ये गेला तेव्हा त्यानं वाडा, कॉर्फचा किल्ला आणि हजारो एकर जमीन असं सगळं नॅशनल ट्रस्टच्या नावे केलं. जुन्या वास्तू आणि जमिनी जपणारी ही ट्रस्ट 1895 ची, आज पन्नास लाखांहून जास्त सभासद आहेत. आपल्या कोणत्या वास्तूंचा वसाहतींशी आणि गुलामगिरीशी संबंध होता, याचा अहवाल तिनं 2020 मध्ये काढला, 93 जागांची नावं त्यात होती. त्यावर इथे जे वादळ उठलं ते बघून मला आपल्याकडची भांडणं अगदी घरगुती वाटली.

चर्चबद्दल मात्र मी मनापासून लिहीन. तिथे बहुतेक वेळा कुणीच नसतं. लोखंडी कडी उचलायची, आत जायचं, आणि 'पाखरं आत शिरतात, दार लावा' अशी चिठ्ठी असते ती पाळायची. जुन्या पुस्तकांचं एक टेबल, पैसे टाकायला डबा, डब्याशी माणूस नाही. विंबोर्नच्या मिन्स्टरमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या जुन्या चर्चमध्ये, 1686 पासूनचं साखळदंडातलं ग्रंथालय आहे, पुस्तकं साखळीनं बांधलेली. आणि भिंतीच्या कोनाड्यात एक रंगीत शवपेटी आहे, अँथनी एट्रिक या वकिलाची. गावावर रुसून त्यानं शपथ घेतली होती की मला चर्चच्या आत पुरू नका आणि बाहेरही नको. पुढं राग निवळला, पण शपथ मोडायची कशी? म्हणून पेटी भिंतीतच ठेवली, ना आत ना बाहेर. त्याला खात्री होती की आपण 1693 मध्ये मरणार, म्हणून पेटीवर तो आकडा आधीच घालून घेतला. मेला 1703 मध्ये. खाडाखोड करून केलेला नवा आकडा आजही चांगला दिसतो. वकिलाची पळवाट आणि ज्योतिषाची फजिती एकाच पेटीत.

मोरटनचं चर्च छोटं. 1940 मध्ये जर्मन विमानानं टाकलेला बॉम्ब जवळ पडला आणि रंगीत काचा सगळ्या गेल्या. नंतर लॉरेन्स व्हिस्लरनं तिथे साध्या, बिनरंगी काचेवर कोरून खिडक्या केल्या, पहिली 1955 मध्ये आणि मग तीस-एक वर्षं एकेक करत. झाडं, मेणबत्त्या, फुलं, सगळं पांढऱ्या बारीक रेघांत. काच पारदर्शक असल्यामुळे कोरलेल्या फांदीमागं बाहेरची खरी फांदी हलते आणि ढग आला की चित्र पुसट होतं. एक खिडकी फक्त बाहेरूनच दिसते. तिच्यात गळफास घेतलेला ज्यूडास आहे, चांदीच्या नाण्यांसाठी येशूला दगा देणारा त्याचा शिष्य, हातातून पडणारी नाणी जमिनीवर पोचेपर्यंत फुलं होतात. गद्दाराला चर्चमध्ये जागा नको म्हणून ती बरीच वर्षं नाकारली गेली, चित्रकाराच्या मृत्यूनंतर बसली. मला विचारशील तर सगळ्या डॉर्सेटमध्ये बघण्यासारखं हे एक. त्या पिटमनला असली खिडकी कुणी दिली नाही.

आता मेची तारीख पक्की कर. वाडे वर्षभर एकसारखे उघडे नसतात, आणि टायनम हे 1943 मध्ये लष्करानं रिकामं करून घेतलेलं गाव बघायचं तर शनिवार-रविवार धरावे लागतील, एरवी तिथे गोळीबाराचा सराव चालतो. ट्रेकचे बूट आण, इथे पाऊस विचारून येत नाही. आणि त्या ऑइलपेंटवाल्या दरवाजाचे आधीचे फोटो तुमच्या गटाकडे आहेत का ते शोध. रंग उतरवायच्या आधी दगडाचा पोत कसा होता ते हाताशी असलं पाहिजे, घाईघाईनं तारेचा ब्रश मारू नका. इथे चुन्याचं काम करणाऱ्या एका गवंड्याशी ओळख झालीय, फोटो पाठवलेस तर त्याला विचारून कळवते.

काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
मीना

ता. क. गोडा मसाला संपलाय. बॅगेत वजन उरलं तर अर्धा किलो, नाही उरलं तर बूट घालूनच ये आणि तरी आण.